पाण्याकाठचा हिवाळी सूर्यास्त टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी पाण्याकाठी ट्रायपॉड लावून उभं राहिलं की कुणीतरी शेजारी येऊन थांबतंच, आणि पाच मिनिटांत प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं कानावर पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समुद्र, तळं, नदी, जलाशय हे सगळं ‘पाणी’ या एका शब्दात धरलं आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

हिवाळ्यातला सूर्यास्त खरंच वेगळा असतो, की आपल्याला तसं वाटतं?

वेगळा असतो. पहिलं कारण सूर्याच्या वाटेचं. हिवाळ्यात तो दुपारीही फार वर चढत नाही आणि मावळताना क्षितिजाकडे तिरका, रेंगाळत उतरतो. विषुववृत्तावर बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं जातात. ऐन हिवाळ्यात ५० अक्षांशावर त्याच बिंबाला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, ६० अक्षांशावर सातेक मिनिटं. म्हणजे विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका आडव्या, मऊ उन्हाचा वेळ वाढतो.

उष्ण प्रदेशात हा फरक थोडाच. तिथे दुसरं कारण महत्त्वाचं, ते म्हणजे हवा. हवेत बाष्प असलं की तरंगणारे बारीक कण ओल धरून फुगतात आणि आकाशाचे रंग धुवून पांढुरके करतात. थंड, कोरड्या हवेत हा पडदा विरळ होतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा हवेत चौपटीहून जास्त विखुरतो. संध्याकाळी किरणांना हवेचा फार लांबचा पल्ला पार करावा लागतो, त्यामुळे निळा वाटेतच गळतो आणि केशरी-तांबडा आपल्यापर्यंत येतो. हवा स्वच्छ असेल तर तो मळत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. वारा पूर्ण पडला की थंडीत जमिनीलगतची हवा वर उचलली जात नाही, धूर-धूळ तिथेच कोंडून राहते. अशा दिवशी सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच करड्या थरात विरून जातो. म्हणून पावसाची सर येऊन गेल्यानंतरची किंवा दिवसभर वारा वाहून गेल्यानंतरची संध्याकाळ मी सहसा सोडत नाही.

किती आधी पोहोचायचं?

जागा ओळखीची असेल तर एक तास, नवी असेल तर दोन. पाण्याकाठी जागा शोधण्यातच वेळ जातो, कारण चार पावलं डावीकडे सरकलं तरी प्रतिबिंब बदलतं.

वेळ रोज तपासा, अंदाजाने जाऊ नका. सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त एकाच तारखेला येतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. उत्तर गोलार्धात ४० अक्षांशाच्या आसपास सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच होऊन जातो. विषुववृत्ताकडे सरकलं तर तो नोव्हेंबरात येतो.

सूर्य पाण्यातच बुडेल की डोंगराआड जाईल, हे आधी कसं कळणार?

थेट पश्चिमेला सूर्य फक्त विषुवदिनांच्या सुमारास मावळतो. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो. २० अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला, ५० अक्षांशावर सुमारे ३८ अंश. दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये येतो आणि सूर्य तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ज्या काठावरून सूर्य जमिनीवर मावळताना पाहिला, तिथूनच हिवाळ्यात तो पाण्यात बुडताना दिसू शकतो, आणि उलटही. होकायंत्र आणि नकाशा पुरेसा आहे. सूर्याची दिशा दाखवणारी मोबाइल ॲप्सही अचूक असतात.

सूर्य बुडला. आता निघायचं ना?

थांबा. सगळ्या पानात एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा.

बिंब दिसेनासं झालं की काठावरची गर्दी पांगते, आणि नेमका तेव्हा प्रकाश सुरू होतो. सूर्य आपल्यासाठी बुडालेला असतो, पण कित्येक किलोमीटर उंचीवर पसरलेल्या पिंजलेल्या ढगांना तो अजून दिसत असतो. आता त्याची किरणं त्या ढगांना खालून लागतात. आधी कडा पेटतात, मग पोट. रंग शिगेला पोहोचायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस, आणि मधे एकदा सगळं विझल्यासारखं होतं. त्या फसव्या क्षणी मी पूर्वी ट्रायपॉड मिटला आहे आणि परतीच्या वाटेवर वळून पाहिल्यावर मागे आभाळ लाल झालेलं पाहिलं आहे. ते दुःख अजून ताजं आहे.

या वेळी पाणीही बदलतं. समोर डोळे दिपवणारं काही नसल्यामुळे आकाश आणि पाणी यांच्या उजेडातलं अंतर कमी होतं, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलतात. एकदा मागेही वळून बघा. पूर्वेला क्षितिजावर निळसर-करडी पट्टी चढत असते, ती पृथ्वीची सावली. तिच्या वरचा गुलाबी पट्टा शांत तळ्यात इतका हळुवार उतरतो की मी कित्येकदा सूर्याकडे पाठ करून तोच टिपत बसते.

सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. विषुववृत्ताजवळ तो वीस-बावीस मिनिटं, ५० अक्षांशावर हिवाळ्यात अर्ध्या तासाहून जास्त टिकतो. तो संपेपर्यंत तरी काठ सोडू नये.

१८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची सूक्ष्म धूळ व वायू उंच वातावरणात जगभर पसरले. त्या हिवाळ्यात लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सच्या काठी उभा राहून मावळतीचं आकाश रंगखडूंनी उतरवत होता, दर थोड्या मिनिटांनी एक चित्र, कारण रंग तितक्या वेगाने पालटत होते. अशी पाचशेहून अधिक चित्रं त्याने केली. सूर्य गेल्यानंतरचा उजेड हाच त्याचा विषय होता. त्याच सुमारास अमेरिकेत काही गावांनी मावळतीची लाली पाहून आग लागली समजून बंब बोलावले होते.

एकतर आकाश पांढरं फटक येतं, नाहीतर पाणी काळं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, कसं ठरवायचं?

सूर्य चौकटीत असताना कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप गोंधळतं. सूर्य जरा हलला, लाट चमकली, की आकडे उड्या मारतात. म्हणून मॅन्युअल मोड, म्हणजे आकडे आपण स्वतः ठरवतो तो, घ्या. कॅमेरा सूर्याच्या बाजूच्या आकाशाकडे वळवा, सूर्य चौकटीबाहेर ठेवा, तिथलं मोजमाप घेऊन ते कायम करा, मग हव्या त्या चौकटीवर परत या. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ किंवा एफ/११ पासून सुरुवात करा आणि शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, त्याप्रमाणे बसवा.

यानंतर एक गोष्ट बहुतेकांकडून निसटते. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसतो, पण घरी आल्यावर केशरी आकाशाच्या जागी सपाट पिवळा डाग सापडतो. मावळतीला सगळ्यांत आधी जळतो, म्हणजे मर्यादेबाहेर उजळून तपशील गमावतो, तो लाल चॅनल. तो जळला की केशरीचं पिवळं होतं आणि ते परत आणता येत नाही. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम असतो, तो चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला आपटत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा करा. सूर्याचं बिंब स्वतः पांढरं जळालं तर हरकत नाही, त्याच्या भोवतीचा रंग वाचला पाहिजे.

रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, टिपा. सावलीतला काळोख रॉ फाइलमधून बराच वर काढता येतो.

उजेड किती झपाट्याने पडतो याचा अंदाज असू द्या. सूर्यास्तापासून नागरी संधिप्रकाश संपेपर्यंत तो सुमारे शंभरपट कमी होतो, म्हणजे जवळजवळ सात स्टॉप. दर दोन-तीन मिनिटांनी आकडे बदलावे लागतात.

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर हवाच का?

क्षितिज सरळ आणि मोकळं असेल तर फार उपयोगी. वरचा अर्धा भाग गडद असलेली ही काच आकाशाचा उजेड दाबते. पण हात आखडता ठेवा. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा नेहमी थोडं अंधारंच असतं. फिल्टर जास्त गडद वापरला आणि प्रतिबिंब आकाशाहून उजळ झालं तर कारण न कळताही बघणाऱ्याला चित्र खोटं वाटतं. फिल्टर नसेल तर ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन फोटो घेऊन नंतर जोडा. लाटा असतील तर मात्र जोड दिसतो.

व्हाइट बॅलन्स?

कॅमेऱ्यात रंगांचा तोल ठरवणारं हे सेटिंग ‘डेलाइट’वर ठेवा. ‘ऑटो’ला मावळतीचा केशरी रंग ही चूक वाटते आणि तो ती सुधारायला जातो.

डोळ्यांना सूर्य एवढा मोठा दिसला, फोटोत टिकलीएवढा का?

सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतं. क्षितिजावर तो मोठा वाटतो तो मनाचा खेळ, कॅमेरा त्याला भुलत नाही. सोपा हिशोब असा: लेन्सच्या फोकल लेंथला, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, ११० ने भागा, तितके मिलिमीटर सूर्य सेन्सरवर पडेल. २८ मिमी लेन्सवर पाव मिलिमीटर. ४०० मिमीवर साडेतीन मिलिमीटरच्या वर, म्हणजे ३६ मिमी रुंद फुलफ्रेम सेन्सरचा दहावा भाग. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा बिंब जुलैपेक्षा सुमारे ३ टक्के मोठं असतं. डोळ्यांना ते कळत नाही.

मोठं बिंब हवं असेल तर लांब लेन्स, आणि बिंबासमोर येईल असं काहीतरी दूरवर हवं: होडी, खांब, पक्षी, माणूस. नुसतं मोठं बिंब दोनदा पाहिल्यावर रुची उतरते.

पाण्यावरचा तो सोनेरी पट्टा कधी अरुंद, कधी पसरट का असतो?

प्रत्येक छोटी लाट म्हणजे एक तिरका आरसा. ज्या आरशांचा उतार नेमका जुळतो ते सूर्य आपल्या डोळ्यात पाठवतात. पाणी जितकं चुळबुळतं तितके वेगवेगळे उतार आणि तितका पट्टा रुंद. वारा थांबला की तो आखडत जातो, अगदी निश्चल पाण्यात एकच खणखणीत बिंब उरतं. हे नातं इतकं पक्कं आहे की १९५४ साली चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांनी विमानातून काढलेल्या अशाच लखलखाटाच्या फोटोंवरून समुद्राच्या लाटांचे उतार आणि वाऱ्याचा वेग यांचा संबंध मांडला.

आपल्यासाठी अर्थ एवढाच: पट्टा नको तितका पसरला असेल तर आडोशाची खाडी किंवा बंधाऱ्यामागचं पाणी शोधा. आणि खाली बसा. पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. नजर जितकी पाण्याला समांतर, तितका आरसा लख्ख. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला तरी जवळच्या डबक्यात आभाळ उतरतं.

पाणी धुक्यासारखं मऊ कसं करतात?

शटर लांबवून. पण त्याआधी ते तसं का करायचं आहे हे स्वतःला विचारा.

एक हजारांश सेकंदाला लाटेचे तुषार हवेत गोठतात. पाव ते एक सेकंदात ओसरणाऱ्या लाटेच्या रेघा उमटतात, वाळूवर ब्रश ओढल्यासारख्या. तीस सेकंदांत लाट ही गोष्टच नाहीशी होते, उरते ती वाफ. उजेड असताना तीस सेकंद मिळवायला दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे सगळीकडे सारखीच गडद काच, लागतो. तो प्रकाश हजारपट कमी करतो, म्हणजे एक तीसांश सेकंदाचे जवळजवळ चौतीस सेकंद होतात. फोकस आणि चौकट फिल्टर लावण्यापूर्वी पक्की करा, नंतर काही दिसत नाही.

माझा कल अर्ध्या सेकंदाकडे आहे. त्यात पाणी मऊ होतं आणि तरीही ते कुठून आलं, कुठे चाललं हे कळतं. लाट वर चढताना शटर दाबू नका, परतताना दाबा. परतणारं पाणी दगडांना वळसे घालतं, त्याच्या रेघा नजरेला आत ओढतात. तळ्याला हे लागू नाही. तिथे तीस सेकंद उत्तम, कारण तिथल्या बारीक लहरी पुसल्या गेल्या की प्रतिबिंब एकसंध होतं.

वाळूत ट्रायपॉड लावताना पाय आधीच जोर देऊन खोल रोवा. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते, ट्रायपॉड केसभर खचतो आणि फोटो हलतो. कारण शोधत बसलं तरी सापडत नाही.

पोलरायझर लावू का?

चमक आणि प्रतिबिंबं दाबणारा हा फिल्टर सूर्याकडे तोंड करून असाल तर नको. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असतो, सूर्याच्या दिशेने नगण्य. पाण्यावर मात्र तो काही कोनांत प्रतिबिंबच पुसून टाकतो, आणि आपण आलो आहोत तेच टिपायला. काठाजवळच्या उथळ पाण्यातले गोटे दाखवायचे असतील तर लावा.

ढगच नाहीत तर? किंवा सगळं झाकोळलंय तर?

निरभ्र असेल तर सूर्याच्या मागे न लागता संधिप्रकाश टिपा, नारिंगी ते निळ्यापर्यंतची सलग छटा फक्त कोऱ्या आकाशातच मिळते. सगळं झाकोळलेलं असेल तर पश्चिमेच्या क्षितिजावर नजर ठेवा. तिथे बोटभर फट असली तरी सूर्य तिच्यातून खालून डोकावतो आणि संपूर्ण छत पेटतं. फटही नसेल तर करडं पाणी आणि करडं आभाळ यांचाही फोटो होतो, कृष्णधवलात.

मावळताना सूर्य चपटा, कधी तर सुरईसारखा दिसतो. लेन्सचा दोष आहे का?

नाही, हवेचा खेळ आहे, आणि हिवाळ्यात तो टिपायची संधी सर्वांत चांगली. क्षितिजालगत वातावरण प्रकाशाला अर्ध्या अंशाहून थोडं अधिक वाकवतं. सूर्याची रुंदीही अर्धाच अंश. म्हणजे खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीच्या हिशोबाने अख्खा सूर्य आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब चपटं.

सुरईचं कारण वेगळं. थंडीत पाणी उबदार आणि वरची हवा गार असली की पाण्यालगत मृगजळ तयार होतं. सूर्य खाली येतो तसा पाण्यातून दुसरा, उलटा सूर्य वर येतो, दोघं चिकटतात आणि मधे मान तयार होते. याच स्थितीत, हवा स्वच्छ असेल तर, शेवटची कड बुडताना एक-दोन सेकंद हिरवी ठिणगी दिसू शकते. ३०० मिमीच्या पुढची लेन्स, वेगवान शटर, सलग फोटो घेणारा मोड, आणि मोकळं क्षितिज हवं.

कडाक्याच्या थंडीत हाच तापमानातला फरक पाण्यातून वाफ काढतो. ती मागून उन्हात उजळते, म्हणून सूर्य वाफेपलीकडे येईल असे उभे राहा.

कॅमेऱ्यातून सूर्याकडे बघणं धोक्याचं आहे का?

आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआरच्या) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या काचेतून, लांब लेन्सने सूर्याकडे कधीही बघू नका. लेन्स सगळं ऊन डोळ्यात एकवटते. मागच्या पडद्यावर चौकट ठरवा. सूर्य अजून झगझगीत असताना लांब लेन्स त्याच्यावर रोखून ठेवू नका, सेन्सरलाही इजा होते.

थंडीत बॅटरी लगेच का उतरते? लेन्सवर धुकं का धरतं?

गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. संपलेली दिसणारी बॅटरी आतल्या खिशात ऊब मिळताच थोडी पुन्हा चालते. दोन जादा ठेवा, अंगालगत.

धुकं धरतं ते बहुधा परत आल्यावर. गार कॅमेरा उबदार, दमट खोलीत उघडला की आतबाहेर दव जमतं. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका.

खाऱ्या पाण्याचे तुषार उडाले तर?

कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन उघडे वाळवा.

फक्त मोबाइल आहे. जमेल?

जमेल. आधी लेन्स पुसा. मग पडद्यावर उजळ आकाशाला बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल, आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. झूम करू नका, पुढे चालत जा. सूर्य गेल्यावर मोबाइल एखाद्या दगडाला टेकवून, टायमर लावून नाइट मोड वापरा. मोबाइलचा मोठा फायदा असा की तो पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी नेता येतो.

काठावर सांभाळायचं काय?

भरतीचं वेळापत्रक बघून निघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं. सूर्यास्ताला ओहोटी लागलेली असेल तर ओल्या वाळूचा आरसा मिळतो आणि परतीची वाटही उघडी राहते. भरती चढत असेल तर खडकाच्या टोकाला जाऊ नका. पाण्याकडे पाठ करू नका. हिरवा-काळा ओला खडक म्हणजे शेवाळं, त्यावर पाय ठेवू नका. गोठलेल्या तळ्यावर फोटोसाठी उतरू नका. टॉर्च घ्या, कारण नीट थांबलात तर परतताना काळोख असणार.

हवी ती चौकट एका दिवसाने हुकली. पुढच्या वर्षीच का आता?

तारखेवर अवलंबून आहे. समजा दोन खडकांच्या फटीतून सूर्य बुडताना हवा आहे. मार्चच्या सुमारास मावळतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी सरकते, म्हणजे एक दिवस चुकला की फट हुकली. पण सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे ती जागा जणू थबकते. आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंतची सगळी हालचाल मिळूनही एका बिंबाच्या रुंदीएवढी होत नाही. उत्तर गोलार्धात २१ डिसेंबरच्या, दक्षिणेत २१ जूनच्या अलीकडे-पलीकडे त्याच दगडावर सलग दहा-बारा संध्याकाळी जाता येतं, सूर्य त्याच फटीत येतो, आणि दर वेळी पाणी वेगळं असतं.